सात आऱ्यांचं चाक

दर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास इसाकु तोबिता त्सुरुमिने किल्ल्याच्या पूर्व बुरुजाखाली थांबे, हातातला हिरवा झेंडा खाली करी आणि घसा खाकरे. घशात काही अडकलेलं नसे. गेल्या बारा वर्षांत ते खाकरणंही गोष्टीचाच भाग होऊन गेलं होतं.

"वर बघा," तो म्हणे. "आढ्याच्या टोकाला ते मोठं कौल दिसतंय? त्यावर चाक आहे. शिरानुमा घराण्याचं चिन्ह. आता त्याचे आरे मोजा."

बसमधून उतरलेली मंडळी माना मागे टाकून मोजत. कुणी सहा म्हणे, कुणी आठ.

"सात," इसाकु हळूच म्हणे. "दरवाजावर बघा, कंदिलांवर बघा, आत ठेवलेल्या पालखीवर बघा. सगळीकडे आठ. फक्त इथे सात. का बरं?"

मग तो सांगे. पहिले सरदार मोचिकागे लढाई हरून पळत होते. मागे शत्रू, पुढे पूर आलेली नदी. धाकटा भाऊ मोचिहिसा म्हणाला, दादा, तू हो पुढे. आणि एकटा अलीकडच्या काठावर उभा राहिला. थोरला पार झाला, जगला, पुढे हा मुलूख त्याच्या वाट्याला आला, त्यानं हा किल्ला बांधला. कौलं चढायच्या वेळी त्यानं कारागिराला बोलावून सांगितलं, नदीकडे तोंड असलेल्या बुरुजावर चाकाचा एक आरा काढूच नकोस. माझं चाक पुरं नाही.

इथे इसाकु थांबे. मनात पाच आकडे मोजे. पाचापर्यंत येताना कुणाची तरी पर्स उघडल्याचा आवाज येई आणि रुमाल बाहेर पडे. दोन-तीनदा तर खुद्द इसाकुचेच डोळे भरून आले होते. आपणच खोटं सांगून आपणच रडायचं, याला कला म्हणावं की निर्लज्जपणा, हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं.

कारण आठवा आरा कुणी गाळला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो त्यानंच गाळला होता. तेव्हा त्याचं वय होतं एकोणीस, आणि कारण बंधुप्रेम नव्हतं, हिशेबाची चूक होती.

त्या मे महिन्यातल्या रविवारी रुमाल नुकते बाहेर निघाले होते, एवढ्यात मागून ओतोबेबाईंचा आवाज आला. ओतोबेबाई म्हणजे नगरपालिकेच्या वारसा खात्यात दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी. वय सत्तावीस, खांद्याला कायम मोजपट्टी. किल्ल्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे, म्हणून सगळा गाव तिला बाई म्हणे.

"नीट बघून घ्या," ती पाहुण्यांना म्हणाली. "पुढच्या रविवारी हे छप्पर नसेल. मंगळवारपासून आम्ही बुरुजाची सगळी कौलं उतरवतोय. एकेक धुणार, मागचीपुढची बाजू तपासणार, फोटो काढणार."

"मागची कशाला?" एका आजीबाईंनी विचारलं.

"कारागीर मागे लिहायचे, आजी. ओल्या मातीत, बांबूच्या काडीनं. एकदा कौल वर चढलं आणि खाली चिखल भरला, की दीडदोनशे वर्षं ती बाजू कुणी बघत नाही. म्हणून तिथे खरं लिहायचे. गेल्या वर्षी एका कौलाच्या पाठीवर सापडलं, 'मुकादम चिक्कू आहे, दुपारी नुसता मुळा दिला.'"

सगळे हसले. इसाकुही हसला. पण त्याच्या घशात या वेळी खरोखरच काहीतरी अडकलं.

*

शोवा एकोणचाळीस, म्हणजे एकोणीसशे चौसष्ट. टोकियोत ऑलिंपिक भरणार म्हणून सगळा देश घासूनपुसून काढला जात होता, आणि परदेशी पाहुणे चुकून त्सुरुमिनेला आलेच तर असावं, म्हणून गावानंही किल्ल्याचा पूर्व बुरूज शाकारायला घेतला. एकही परदेशी पाहुणा आला नाही. काम मात्र झालं.

ते काम गोनकिची मिस्त्रींच्या कारखान्याकडे होतं. इसाकु हा भातशेतीवाल्या घरचा तिसरा मुलगा. तिसऱ्याच्या वाट्याला शेत येत नाही, म्हणून पंधराव्या वर्षी मिस्त्रींकडे माती तुडवायला लागला होता. चार वर्षांत त्याला दोन गोष्टी चांगल्या जमायला लागल्या होत्या. एक म्हणजे भट्टीचा धूर बघून आतली आच ओळखणं. दुसरी म्हणजे मिस्त्रींच्या टकलाची पाठीमागे नक्कल करणं. ते टक्कल भट्टीपुढे असं काही लाल होई, की इसाकुनं त्यांचं नाव ठेवलं होतं उकडलेला ऑक्टोपस.

आढ्याच्या टोकाचं जुनं कौल उतरवायचा मान त्याला मिळाला. चांगलं तान्ह्या मुलाच्या वजनाचं, पहिल्या सरदारांच्या काळातलं, आठ आऱ्यांचं. ते पाठीला बांधून तो शिडीनं उतरत होता आणि खालून मिस्त्रींची मुलगी सुमिए चहाची किटली घेऊन येत होती. आपण किती सहज उतरतो हे तिला दिसावं म्हणून इसाकुनं एक हात सोडला.

एवढंच झालं. साडेतीनशे वर्षांत भूकंप झाले, वीज पडली, तिसऱ्या सरदारांच्या वेळी अर्धा किल्ला जळाला, त्या कौलाला काही झालं नव्हतं. इसाकुचा तोल गेला, दोर सुटला आणि ते दगडी फरशीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले. सुमिए त्या क्षणी किल्ल्याशेजारच्या तळ्याकडे पाहत होती. तिनं पाहिलं नाही, असं इसाकुनं ठरवलं. तुकडे त्यानं खंदकात टाकले. कमळांची पानं जराशी हलली आणि पुन्हा जागच्या जागी आली.

मग तीन दिवस सगळे घरी गेल्यावर तो नवं कौल घडवत बसला. आता कौलकामात आठ आऱ्यांच्या चाकाएवढं सोपं काही नसतं. दोरीनं वर्तुळाचे दोन भाग करायचे, दोनाचे चार, चाराचे आठ. पण दोरी घेणं म्हणजे नवशिक्यांचं काम, असं इसाकुचं मत होतं. तो वरच्या टोकापासून नुसत्या नजरेनं एकेक आरा कोरत निघाला. सहा झाले, सात झाले. आरे देखणे झाले होते, जाडसर, भक्कम. मग त्यानं पाहिलं, तर आठव्याला जागाच उरली नव्हती.

पुन्हा करावं तर आणखी तीन दिवस जाणार, आणि एवढं जाड कौल सावलीत वाळायला महिना लागतो. तोवर बर्फ पडलं असतं. त्या वर्षीच्या शेवटच्या भट्टीला जेमतेम महिनाच उरला होता. तेव्हा इसाकुनं बांबूची काडी घेतली आणि पाठीमागे लिहिलं. सहा ओळी लिहिल्या. लिहिल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. कबुली दिली होती, आणि ती कुणी वाचणार नव्हतं. याहून सोयीची कबुली जगात नसेल.

*

पुढची नऊ वर्षं काही झालं नाही. म्हणजे इसाकुचं सुमिएशी लग्न झालं, तो मिस्त्रींच्याच घरी राहायला गेला, मिस्त्रींचे हात थरथरायला लागले आणि कारखाना त्याच्याकडे आला, पण चाकाच्या बाबतीत काही झालं नाही.

मग शाळेतले निइमी मास्तर पक्षी बघायच्या दुर्बिणीतून घार बघत असताना त्यांना आढ्यावरचं चाक दिसलं. मोजलं तर सात. दुसऱ्याच दिवशी ते कारखान्यात धापा टाकत आले. मिस्त्री ओट्यावर विडी ओढत बसले होते. "इसाकुला विचारा," ते म्हणाले. "त्या कौलाबद्दल त्याच्याइतकी माहिती कुणालाच नाही."

"तोबिता, ते कौल जुनंच आहे ना रे?"

इसाकुच्या हातात मातीचा गोळा होता. तो त्या गोळ्याकडे बघत म्हणाला, "माती तर जुनीच असते, मास्तर."

हे खोटं नव्हतं. इसाकु आजही शपथेवर सांगू शकला असता की त्यानं त्या दिवशी एक अक्षरही खोटं उच्चारलं नाही. मास्तरांनी बाकीचं स्वतःच उच्चारलं. नदी, पूर, धाकटा भाऊ, न काढलेला आरा, सगळं महिन्याभरात शाळेच्या अंकात छापून आलं. मग गोष्ट मास्तरांच्याही हातात राहिली नाही. वेफरवाल्यानं सात आऱ्यांचे तांदळाचे वेफर काढले. रस्त्यांवरच्या गटारांच्या झाकणांवर सात आरे आले. शिरानुमा घराण्याचे तेरा सरदार होऊन गेले. तिसरे लावे पाळायचे आणि त्यांच्या आवाजाच्या स्पर्धा लावायचे, सहाव्यांनी अकरा वर्षं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, काढली आणि या गावात पाऊल टाकलं नाही, तेराव्यांनी सतराव्या वर्षी नव्या सरकारच्या फौजेला तीन दिवस विचार करून दरवाजा उघडून दिला. पुढे बाकीचे बुरूज सरपणात गेले, हा एक वाचला तो रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची पानं साठवायला सोयीचा होता म्हणून. असं घराणं आणि असा किल्ला. अभिमान वाटावा असं त्यात फारसं काही नव्हतं. म्हणून गावानं तो नसलेला आरा घट्ट धरून ठेवला.

गुडघे गेल्यावर इसाकुनं कारखाना भाच्याला दिला आणि किल्ला दाखवणाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं. हिरवं जाकीट मिळालं. मूल नव्हतं, भट्टी सुटली होती. आठवड्याचे सहा दिवस तो रविवारची वाट बघे. चाकाची गोष्ट त्याच्यासारखी कुणाला जमत नाही, असं सगळे म्हणत, आणि ते कुणी म्हटलं की इसाकु मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

एकट्या ओतोबेबाईंना ती गोष्ट आवडत नसे. "तोबिताकाका, घराण्याच्या दप्तरात आहे, मोचिहिसा त्या लढाईनंतर एकतीस वर्षं जगला. दर वर्षी थोरल्याला पत्र पाठवायचा, तांदूळ वाढवून द्या म्हणून."

"तोतया असेल," इसाकु म्हणाला होता.

*

"तुम्ही पहाडावर चढणार?" सुमिए म्हणाली. पहाड म्हणजे बुरुजाभोवती उभारलेली बांबू-लोखंडाची परांची. तिच्या बोलण्यात ती केव्हाच डोंगर झाली होती. "सकाळी चटईवरून उठायला तुम्हाला माझा खांदा लागतो."

"कौलं उतरवायला माहीतगार माणूस पाहिजे."

"भाचा आहे की. त्याला माहिती नाही?"

"ते टोकाचं कौल मी चढवलंय. मीच उतरवणार."

सुमिएनं लोणच्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "मग दोन्ही हातांनी धरा."

तिच्या बोलण्यात काही खोच आहे का, हे शोधण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. त्याच्या डोक्यात योजना होती, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते. योजना साधी होती. वर चढायचं, कौल हातात घ्यायचं आणि सोडून द्यायचं. खाली दगडी फरशी, भोवती दोरी लावलेली, माणूस कुणी नाही. म्हाताऱ्याचे हात, निसटलं, सगळे हळहळतील. तुकडे उचलायला तोच आधी पोहोचेल. खंदक अजून तिथेच होता.

मंगळवारी सकाळी छोटासा समारंभ होता. शिरानुमा घराण्याचे सध्याचे वंशज योकोहामाहून आले होते. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, वय ऐंशी. गाव त्यांना गमतीनं महाराज म्हणे आणि तेही "बोला, प्रजाजन" म्हणत. मंडळाची दहाबारा माणसं हिरव्या जाकिटांत उभी होती. सुमिए सावलीला स्टुलावर बसली होती, मांडीवर भाताच्या गोळ्यांचा डबा.

इसाकु चढला. दर पाच पायऱ्यांना थांबून तो आजूबाजूचं दृश्य बघितल्यासारखं करी. वर भाच्यानं कौलाभोवतीचा चुना आधीच सुटा केला होता. "मामा, मी धरू का एका बाजूनं?"

"बाजूला हो."

त्यानं कौल उचललं. पाठीला सुका चिखल चिकटला होता, अक्षरं दिसत नव्हती. तो परांचीच्या कडेशी आला. आणि मग, केवळ सवयीनं, त्यानं बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं.

कौल वाजलं. भेगाळलेलं कौल बद्द वाजतं. हे देवळातल्या छोट्या घंटेसारखं, स्वच्छ, लांबवर जाणारं. जवळपास साठ हिवाळ्यांचं बर्फ त्यानं अंगावर घेतलं होतं आणि केसाएवढी रेघ गेली नव्हती. इसाकुनं पुन्हा वाजवलं. आयुष्यात हजारो कौलं त्याच्या हाताखालून गेली. इतकं उत्तम भाजलेलं दुसरं त्याला आठवेना. हाडाचा कारागीर झाल्यावर केलेली, दोरीनं मोजून आखलेली, सरकारी शिक्क्याची कितीतरी कौलं दहा-दहा वर्षांत तडकून परत आली होती. आणि हे पोरवयातलं, चोरून केलेलं, चुकलेलं, हे असं वाजत होतं.

सोड, त्यानं हातांना सांगितलं.

पहिलं कौल पडलं तेव्हा ते पाडायचं त्याच्या मनात नव्हतं. हे पाडायचं होतं, तर बोटं उघडेनात. तो वाकला, पुढे झुकला, कोपर सैल केलं. बोटं तशीच. आपल्या हातांचा त्याला भयंकर राग आला. तेव्हा एका मुलीसाठी सुटले, आणि आता म्हाताऱ्यासाठी सुटायला तयार नाहीत.

"तोबिताकाका!" खालून ओतोबेबाई ओरडली. "काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही," इसाकु म्हणाला. मग कौल पोटाशी धरून, दोन्ही हातांनी, भाच्याला मागून कंबर धरायला लावून, तो उतरला. उतरायला पाऊण तास लागला.

*

ओतोबेबाईंनी कौल पाण्याच्या परातीत ठेवलं आणि मऊ कुंचल्यानं पाठ घासायला सुरुवात केली. चिखल विरघळत गेला. "लिहिलंय!" ती एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, आणि सगळे पुढे सरकले. इसाकु मागे सरकला.

तिनं मोठ्यानं वाचलं. कमालीचं स्पष्ट वाचलं. "'जुनं कौल माझ्या हातून फुटलं.'" ती थांबली. "'हे मी केलं. आरे सात झाले. कृपया मोजू नये.'" मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. "'उकडलेल्या ऑक्टोपसला कळवू नये. तोबिता इसाकु. शोवा एकोणचाळीस.'"

परातीतलं पाणी हलायचं थांबलं. हिरव्या जाकिटांतली दहाबारा माणसं इसाकुकडे बघत नव्हती. सगळी आपापल्या बुटांकडे बघत होती, आणि बघण्यापेक्षा ते वाईट होतं.

"माझी चूक," इसाकु म्हणाला. त्यानं कमरेतून वाकून नमस्कार केला, आणि वाकल्यावर गुडघ्यानं सरळ व्हायला नकार दिला, म्हणून पुढचं सगळं तो वाकूनच बोलला. "मास्तरांनी विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं. मग वेफर निघाले, तेव्हा सांगायला हवं होतं. मग गटारांची झाकणं आली. प्रत्येक वेळी वाटलं, आता फार उशीर झाला. पुढच्या वेळी कळे की मागच्या वेळी तेवढा उशीर झाला नव्हता. महाराज, तुमच्या घराण्याच्या नावानं मी बारा वर्षं लोकांना रडवलं. क्षमा करा."

शिरानुमा साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे आरे आठच?"

"आठच."

"आठच," ओतोबेबाई म्हणाली. तिला लपवता न येणारा आनंद झाला होता.

"माझ्या वडिलांनी मास्तरांचा तो लेख वाचला," साहेब सावकाश म्हणाले, "आणि पूर्वजांच्या थडग्यांचे दगड पुन्हा कोरून घेतले. तेरा दगड. तेराही जणांच्या डोक्यावर आता सात आरे आहेत." ते जरा थांबले. "मी माझ्या दवाखान्याच्या पाटीवरही सातच काढले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात एक दात कमी की जास्त एवढंच बघितलं, तोबिताराव, आणि घरचं चाक एकदाही मोजलं नाही. या आता वर. तुमचं डोकं माझ्या पोटापाशी आहे, मला अवघडल्यासारखं होतंय."

भाच्यानं त्याला सरळ केलं. इसाकुनं हिरवं जाकीट काढलं, घडी घातली, ओतोबेबाईपुढे धरलं. "रविवारी दुसरं कुणीतरी बघा."

"हे माझ्या खात्याचं नाही," ती म्हणाली. "मंडळात द्या." मंडळातलं कुणी पुढे आलं नाही. शेवटी तो ते तसंच हातात घेऊन घरी गेला.

*

 घरी आल्यावर सुमिएनं उरलेले भाताचे गोळे ताटलीत काढले, जवाचा चहा ओतला.

"ऑक्टोपसबद्दल," इसाकु म्हणाला.

"हं."

"तेव्हा मी पोरकट होतो. बाबांबद्दल मला नेहमीच—"

"बाबांनी वाचलं होतं."

इसाकुच्या हातातला गोळा अर्ध्यावर राहिला.

"भट्टी कोण भरायचं?" सुमिए म्हणाली. "कौल वाळलं की मागून-पुढून बघून बाबाच आत ठेवायचे ना? त्या दिवशी जेवताना ते इतके हसले की सूप नाकात गेलं. म्हणाले, पोरगं मूर्ख आहे, पण लिहून ठेवतंय. आणि अक्षर बरंय. उंचावर कोण मोजणार, म्हणाले, जाऊ दे भट्टीत."

"आणि फुटलं ते?"

"मी समोरच होते हो. तुम्ही एक हात सोडलात, माझ्याकडे बघून हसलात, आणि धाडकन. मी तोंड फिरवलं. त्या वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं."

त्यानं गोळा ताटलीत परत ठेवला. एक गुपित त्यानं आयुष्यभर सांभाळलं होतं, त्याच्यापायी रात्रीची झोप घालवली होती, मास्तरांच्या अंत्यविधीला तर त्यांच्या फोटोकडे बघायचंही टाळलं होतं. आणि ते गुपित याच चटईवर, याच टेबलाभोवती, तो येण्याआधीच येऊन बसलेलं होतं. म्हणजे लपवण्यातही तो हुशार निघाला नव्हता.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? रविवारी येऊन बसायचीस, ऐकायचीस—"

"तुम्ही सांगता छान," सुमिए म्हणाली. "तो नदीचा भाग मला आवडतो."

*

जाकीट चार-पाच दिवस खुंटीवर राहिलं. त्या रविवारी साडेदहाला इसाकु अंगणात भुईमुगाच्या टरफलांशी खेळत बसला. अकराला मंडळाचा फोन आला, की चाळीस जणांची बस खाली थांबलीय, वर्तमानपत्रात वाचून आलेत, ते म्हणतात ज्यांनी कौल फोडलं ते आजोबा कुठे आहेत, आणि आम्ही काय सांगायचं. सुमिएनं फोन ऐकला, ठेवला, आणि जाकीट त्याच्या मांडीवर टाकलं.

त्या दिवशी त्यानं खरं सांगितलं. लोक हसले, खूप हसले, रुमाल मात्र एकही निघाला नाही. इसाकुला ते जरा लागलं. खोटं सांगताना तो जितका मोठा कलावंत होता तितका खरं सांगताना नव्हता.

पुढच्या आठवड्यात ओतोबेबाई घरी आली. सात आऱ्यांचं कौल संग्रहालयात जाणार होतं, काचेत, पाठ पुढे करून. आढ्यावर जुन्या नकाशाप्रमाणे आठ आऱ्यांचं बसवायचं होतं. "तुम्ही कराल का?"

"हात कापतात."

"पहिलं केलंत तेव्हा कापत नव्हते," ती म्हणाली, "आणि काय झालं ते पाहिलं आपण."

भाच्याच्या कारखान्यात त्यानं तीन आठवडे घेतले. या वेळी दोरी घेतली. दोन भाग, चार भाग, आठ भाग. कोरण्याआधी मोजले, कोरताना मोजले, कोरून झाल्यावर भाच्याकडून मोजून घेतले आणि भाच्यावर विश्वास नाही म्हणून पुन्हा स्वतः मोजले. आरे थोडे वाकडे आले. पण आठ आले. मग बांबूची काडी घेऊन त्यानं पाठीवर लिहिलं: आरे आठ. खुशाल मोजून पाहावे. नाव, वर्ष. लिहून तो बाहेर नळावर हात धुवायला गेला.

परत आला तेव्हा सुमिए कौलापाशी बसली होती. तिच्या हातात काडी होती, आणि ती कौलाच्या पाठीवर ओलं फडकं टाकत होती.

"काय लिहिलंस?"

"काही नाही."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल कशाला? जगात दुसरे विषय नाहीत?"

"बघू दे."

"मी बाबांची मुलगी आहे," सुमिए म्हणाली. "भट्टीत मी ठेवणार."

आणि महिन्याभरानं कौल वाळल्यावर तिनंच ठेवलं. भाच्यानं उचलायला मदत केली. त्यानं वाचलं असणार, कारण त्यानंतर दोन दिवस मामा दिसला की तो तोंड फिरवून हसे. विचारलं तर म्हणे, दोनच ओळी आहेत, मामीला विचारा. कौल भाजून निघालं, वाजवलं तर बरं वाजलं, जुन्याइतकं नाही. पाठ वर्तमानपत्रात गुंडाळूनच ते परांचीवर गेलं. इसाकु खाली उभा होता, मान मागे टाकून. वर भाच्यानं चिखल भरला, कौल बसवलं, चुन्यानं कडा लिंपल्या.

आता रविवारी इसाकु आधी संग्रहालयात नेतो, स्वतःचं अक्षर दाखवतो, मग बुरुजाखाली येतो. झेंडा खाली करतो. घसा खाकरतो. आठ मोजून झाले की कुणी ना कुणी विचारतंच, "आजोबा, याच्या पाठीवर काय लिहिलंय?"

"मी लिहिलं ते सांगतो," इसाकु म्हणतो, आणि सांगतो. "खाली अजून दोन ओळी आहेत. त्या माझ्या बायकोच्या."

"काय आहेत?"

इसाकु वर बघतो. बुरुजाच्या सावलीत सुमिए स्टुलावर बसलेली असते, मांडीवर डबा घेऊन, तळ्याकडे बघत.

"छप्पर आता साठ वर्षांनी उघडेल," तो म्हणतो. आणि पाच मोजायचे असतात तिथे, हल्ली, त्याचं मोजणं चुकतं.